जमिनीखालच्या वाटा व जमिनीवरच्या खुणा

स्वतःच्या अंगणाइतकी परिचयाची जागा दुसरी नाहीं, असें प्रत्येक गृहस्थास वाटत असतें. पावसाचें पाणी कोणत्या कोपऱ्यांत तुंबतें, आंब्याचीं मुळें कुंपणाखालीं कोठवर गेलीं आहेत, सकाळचें ऊन प्रथम कोणत्या पायरीवर येतें, हें तो डोळे मिटून सांगूं शकेल. परंतु हें ज्ञान वरच्या वीतभर मातीपुरतेंच असतें. तिच्याखालीं काय आहे असें विचारलें, तर सात-बाराचा उतारा, खरेदीखत व घराचा मंजूर नकाशा हीं तिन्ही कागदपत्रें बहुधा मुकीं राहतात. मग कुंपणाचा खांब रोवतांना किंवा संडासाची टांकी खोदतांना सबलीचा घाव कशावर तरी बसतो, आणि आपल्या मालकीच्या जमिनींत आपल्या अगोदर कोणी तरी येऊन गेलें होतें, हें त्या आवाजानें कळतें.

जमिनीखालील या गर्दीचा अनुभव पूर्वीं मोठ्या शहरांनाच होता. आतां तसें राहिलेलें नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील एखाद्या मध्यम खेड्याची गल्ली घेतली, तरी तिच्यांत भारतनेट योजनेखालीं ग्रामपंचायतीपर्यंत आणलेली कांचतंतूची तार असूं शकते. १५ ऑगस्ट २०१९ रोजीं जाहीर झालेल्या जलजीवन मोहिमेंत घरोघर नेलेला प्लॅस्टिकचा नळ असूं शकतो. आणि त्यापूर्वींच्या एखाद्या योजनेचा, आतां कोरडा पडलेला लोखंडी नळहि असण्याचा संभव असतो. तालुक्याच्या गांवीं यांत विजेची तार, दूरध्वनीची जुनी तांब्याची तार व गटार यांची भर पडते. हीं कामें निरनिराळ्या खात्यांनीं, निरनिराळ्या ठेकेदारांकडून, निरनिराळ्या वर्षीं करविलेलीं असतात. चर बुजतो, मजूर निघून जातात, आणि दोन पावसाळ्यांत वरचें गवत खूण पुसून टाकतें.

या प्रश्नाकडे सामान्यतः व्यवस्थेचा किंवा यंत्रविद्येचा प्रश्न म्हणून पाहिलें जातें. माझ्या मतें तो बराचसा इतिहासाचा प्रश्न आहे. जमिनीखालून वाट नेणें ही गोष्ट आपल्या प्रांतास नवी नाहीं. आणि ती वाट पुढील पिढ्यांस कशी सांपडावी याची तजवीजहि पूर्वींच्या लोकांनीं, कधीं जाणून तर कधीं नकळत, केलेली होती.

आमच्या जिल्ह्यापुरतें पाहिलें तर तलावांचें उदाहरण अगदीं जवळचें आहे. येथील कोहळी शेतकऱ्यांनीं धानाच्या शेतीसाठीं बांधलेले तलाव प्रसिद्धच आहेत. त्यांच्या मातीच्या बांधास येथें पार म्हणतात, जास्तीचें पाणी वाहून जाण्याच्या वाटेस सलंग म्हणतात, आणि बांधाच्या पोटांतून शेतांकडे पाणी सोडणाऱ्या वाटेस तुडुम असें नांव आहे. हें तुडुम म्हणजे आमच्याकडील जुन्यांतला जुना भूमिगत नळच म्हणावयाचा. तो जेथून जातो ती बांधाची नाजूक जागा. तिच्या आसपास कोणी वाटेल तसें खणूं लागला तर तलावच धोक्यांत यावयाचा. ब्रिटिश अमदानींतील जमाबंदीच्या वेळीं वाजिब-उल-अर्ज नांवाचा गांवरिवाजाचा कागद तयार होई, व पाण्याच्या हक्कांची नोंद त्यांत सांपडे. पण तुडुम बांधाच्या कोणत्या भागांतून व किती खोल गेलेलें आहे हें लिहून ठेवण्याची गरज कोणास वाटण्याचें कारण नव्हतें, कारण तें जाणणारीं माणसें गांवांतच होतीं. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी संपली आणि तलाव सरकारकडे गेले. मालकी कागदावर एका दिवसांत बदलतां येते. माणसांच्या डोक्यांतील माहिती मात्र राजपत्रांत छापून हस्तांतरित होत नाहीं. मालगुजारी गेली याचें दुःख करण्याचें कारण नाहीं. दुःख याचें, कीं ती घेतांना वाटा दाखवून घेण्याचें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं.

भंडारा हें नांव आमच्या गांवाचें. पण पाण्याच्या इतिहासांत दुसराच एक भंडारा अधिक विख्यात आहे, व त्याचा आमच्या गांवाशीं नांवापलीकडे कांहीं संबंध नाहीं. तापीकांठच्या बुऱ्हाणपूर शहराजवळचा कुंडी भंडारा तो हा. जहांगीर बादशहाच्या कारकीर्दींत, १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानान याच्या अमलांत त्याचें काम झालें. सातपुड्याच्या उतारावर मुरलेलें पाणी जमिनीच्या पोटांतच अडवून, जमिनीच्या पोटांतूनच शहराकडे नेण्याची ही युक्ति मूळची इराणांतली. तेथें तिला कनात म्हणतात. एका जागीं खोल विहीर खणून पाण्याचा थर गांठावयाचा, आणि तेथून शहराच्या दिशेस जमिनीच्या उतारापेक्षां किंचित् कमी उताराचा बोगदा काढावयाचा; म्हणजे पाणी कोणी न उपसतां आपोआप वर, म्हणजे खरें पाहतां बाहेर येतें. असा बोगदा एका दमांत खोदतां येत नाहीं. थोड्या थोड्या अंतरावर उभ्या विहिरी खणाव्या लागतात. त्यांतून माती वर निघते, आंत हवा जाते, आणि काम पुरें झाल्यावर त्यांतूनच गाळ काढण्यास माणूस उतरतो. इराणांतील खोदणारे बोगद्यांत दोन दिवे एकामागें एक ठेवून, ते एका रेषेंत दिसतात कीं नाहीं यावरून आपली वाट सरळ चालली आहे याची खात्री करून घेत.

बुऱ्हाणपुराच्या या उभ्या विहिरी म्हणजेच तेथील कुंड्या. शंभराच्या आसपास त्यांची संख्या आहे. वरचें गढूळ पाणी आंत जाऊं नये म्हणून त्यांच्या तोंडाशीं दगडी कठडे बांधलेले आहेत, व ते जमिनीवर एका ओळींत उभे असलेले दिसतात. नवख्या माणसास त्या ओळीनें बांधलेल्या विहिरी वाटाव्या. जाणत्यास मात्र त्या ओळीवरून खालची वाट अंगणांतल्या रांगोळीसारखी स्पष्ट दिसते. कठडा बांधणाऱ्याच्या मनांत पाणी स्वच्छ ठेवण्यापलीकडे दुसरा हेतु नसेलहि. पण त्यामुळें झालें असें, कीं चारशें वर्षांनंतर त्या परिसरांत नांगर धरणाऱ्यालाहि आपल्या पायाखालीं काय आहे हें विचारण्यासाठीं कोणत्याहि कचेरींत जावें लागत नाहीं. २०२४ सालीं हा भंडारा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादींत घेण्यांत आला. इराणांतील कनात २०१६ सालींच मुख्य यादींत गेले होते.

याच सुमारास दक्षिणेंत मलिक अंबर यानें खडकी येथें नवें शहर वसविलें. तेंच पुढें औरंगाबाद झालें, व २०२३ पासून तें छत्रपति संभाजीनगर या नांवानें ओळखलें जातें. त्या शहरास पाणी देणारी नहर-ए-अंबरी ही अशीच जमिनीखालून आणलेली. तिच्यामागून तेथें आणखीहि नहरी झाल्या. पाणचक्कीस पाणी देणारी नहर ही त्यांतलीच एक, अंबराच्या नहरीहून निराळी. शहरांत आल्यावर हें पाणी खापरी नळांतून वाटलें जाई, आणि मधून मधून उभारलेल्या मनोऱ्यांत चढून पुन्हां उतरे, म्हणजे नळांतील हवा निघून जाई व दाब आंवरला जाई. येथेंहि पाण्याची जी गरज होती तीच माणसाच्या डोळ्यांची खूण झाली. मनोरा दिसला कीं खालून नळ गेलेला आहे हें पोरासोरांसहि कळावें.

पुण्याच्या कात्रजच्या नळाची हकीकत मात्र थोडी सविस्तर सांगितली पाहिजे, कारण विस्मृति कशी होते हें तिच्यांत सर्वांत स्पष्ट दिसतें. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या घाटाखालीं तलाव बांधून तेथील पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलें. हा नळ म्हणजे नुसती पन्हळ नव्हे. माणूस आंत उतरून चालूं शकेल असा दगडचुन्याचा बांधीव मार्ग तो. त्यावर ठिकठिकाणीं उभीं धुराडीं ठेवलेलीं होतीं, आणि त्यांना मराठींत फार सुंदर नांव आहे : उच्छ्वास. नळ श्वास घेतो, ही कल्पना ज्या कारागिराच्या किंवा कारकुनाच्या मनांत प्रथम आली असेल तो कवीच म्हटला पाहिजे. शहरांत पाणी आल्यावर तें पेठांपेठांतील हौदांत पडे. पुढें सरदार रास्ते यांनीं कोंढव्याकडून आणि नाना फडणीस यांनीं आंबेगांवाकडून स्वतंत्र नळ आणले, व पुण्याच्या पोटांत अशा वाटांचें जाळेंच झालें.

या सर्व वाटा अनेक घरांच्या, वाड्यांच्या व देवळांच्या खालून गेल्या. जमिनीखालीं पाण्यास कोणाचा विटाळ नव्हता. तो हौदाच्या तोंडाशीं सुरू होई. म्हणूनच १८६८ सालीं जोतीराव फुले यांनीं आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांस खुला केला, ही गोष्ट पुण्याच्या पाण्याच्या कोणत्याहि इतिहासांत सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत खडकवासल्याचा तलाव झाला आणि पुण्याचें पाणी लोखंडी नळांनीं येऊं लागलें. घरांत तोटी आली तेव्हां हौदावर जाण्याचें कारण राहिलें नाहीं. हौदावर कोणी जात नाहीं तर नळाचा गाळ काढावा कोणी व कशासाठीं? ज्या कामगारांस नळाची वाट ठाऊक होती त्यांच्या मुलांनीं दुसरे उद्योग धरले. उच्छ्वास रस्त्यांत अडचण करूं लागले, त्यांतले कांहीं पाडले गेले, कांहीं आवारांच्या भिंतींत लुप्त झाले. नळ मात्र जागच्या जागीं राहिला. माझ्या विषयाचें मर्म येथें आहे : अशी वाट नष्ट होण्यापूर्वीं ती पुष्कळ वर्षें नुसती विसरलेली असते, आणि याच अवस्थेंत ती खोदणाऱ्यास भेटते. मार्च २०१९ मध्यें स्वारगेट येथें मेट्रोचें काम चालू असतांना जमिनीखालीं जुना दगडी बोगदा लागला, तेव्हां तो कोणत्या काळचा व कशासाठीं केलेला यावर वर्तमानपत्रांतून बरेच तर्क झाले. ज्या शहरांत पेशव्यांच्या दप्तरांचे हजारों रुमाल आजहि जपून ठेवलेले आहेत, त्या शहरालाहि स्वतःच्या पायाखालचा दगड ओळखण्यास तर्क करावा लागला.

आतां हा प्रश्न केवळ आमच्याच लोकांच्या नशिबीं आला आहे असें नाहीं. रोम शहराचें उदाहरण घ्या. इ. स. ९७ मध्यें फ्रॉन्टायनस नांवाच्या वयोवृद्ध मुत्सद्द्यास शहराच्या पाण्याचा अधिकारी नेमण्यांत आलें. त्यापूर्वीं तो ब्रिटनचा सुभेदार होता; म्हणजे आपल्याकडील भाषेंत, मोठी सुभेदारी केलेला माणूस नळखात्यावर आला. हाताखालच्या लोकांच्या तोंडून कारभार शिकणें त्यास कमीपणाचें वाटलें म्हणून त्यानें स्वतः सर्व नळांची पाहणी केली, त्यांचे नकाशे तयार करविले, आणि जें पाहिलें तें एका ग्रंथांत लिहून ठेवलें. नकाशा समोर असला म्हणजे आपण जागेवर उभे असल्याप्रमाणें निर्णय घेतां येतो, असें त्याचें म्हणणें होतें. या पाहणींत त्यास रोमच्या फरसबंदीखालीं चोरून जोडलेले असंख्य शिशाचे नळ सांपडले. ते उपटल्यावर पुष्कळ शिसें सरकारजमा झालें. नळचोरी ही आपल्याच नगरपालिकांची उणीव आहे असें ज्यांस वाटतें त्यांनीं हा ग्रंथ अवश्य वाचावा.

याच ग्रंथांत इ. स. पूर्वीं ११ सालचा एक ठराव दिलेला आहे. उघड्यावरून जाणाऱ्या पाण्याच्या बांधकामांच्या दोन्ही बाजूंस पंधरा पंधरा फूट, आणि जमिनीखालील वाटांच्या दोन्ही बाजूंस पांच पांच फूट जागा मोकळी सोडावी. तेथें घर, थडगें किंवा झाड होऊं देऊं नये, असा त्याचा आशय. ही पट्टी कोठून सुरू होते हें लोकांस कळावें म्हणून ऑगस्टस बादशहाच्या वेळीं दर २४० रोमन फुटांवर क्रमांक कोरलेले दगड रोवण्यांत आले. इराण व अरबस्थानाच्या धर्मशास्त्रांतहि हीच कल्पना हरीम या नांवानें आहे : विहिरीच्या किंवा कनाताच्या भोंवतीं ठराविक अंतरांत दुसऱ्यानें खणावयाचें नाहीं. अकराव्या शतकाच्या आरंभीं अल-करजी या गणित्यानें गुप्त जलें वर काढण्यासंबंधीं जो ग्रंथ लिहिला, त्यांत या हरीमाची चर्चा केलेली आहे. आमच्याकडे १९६२ सालीं पेट्रोलियमच्या नळांसंबंधीं झालेला कायदा पाहिला तर तोहि याच वंशांतला दिसतो. जमीन शेतकऱ्याची राहते. पण जेथून नळ गेला त्या पट्टींत त्यानें इमारत बांधावयाची नाहीं, विहीर किंवा तळें खोदावयाचें नाहीं, झाड लावावयाचें नाहीं. दोन हजार वर्षांत शब्द बदलले, पट्टी तीच राहिली.

मग अडचण कोठें आली? माझ्या समजुतीप्रमाणें ती लोखंडी नळाबरोबर आली, आणि विदर्भापुरतें बोलावयाचें तर ती अंबाझरीहून नागपुरांत आली. अलेक्झांडर बिनी नांवाच्या इंग्रज इंजिनिअरानें १८७० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत अंबाझरीच्या तलावाचें पाणी नळांनीं नागपूर शहरास देण्याची योजना पार पाडली. या कामाची हकीकत त्यानें पुढें लंडन येथील सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेपुढें निबंधरूपानें मांडली. आणि हाच गृहस्थ नंतर लंडनच्या काउंटी कौन्सिलचा मुख्य इंजिनिअर होऊन, १८९७ सालीं खुल्या झालेल्या थेम्स नदीखालच्या ब्लॅकवॉल बोगद्याचा कर्ता ठरला. काम उत्तमच होतें. परंतु दाबाच्या नळाचा स्वभावच निराळा. उताराच्या वाटेस डोंगरापासून शहरापर्यंत जमिनीचा कल सांभाळावा लागतो, म्हणून ती कोठून गेली असेल याचा तर्क कोणीहि जाणता माणूस करूं शकतो. दाबाचा नळ चढावरूनहि जातो, उतारावरूनहि जातो, वाटेल त्या कोपऱ्यावर वळतो. त्याला कुंडी नको, उच्छ्वास नको. रस्त्यावर कोठें कोठें लोखंडी झांकण असलें म्हणजे झालें. जमिनीवर खूण राहण्याचें जें नैसर्गिक कारण होतें, तेंच नाहींसें झालें.

लोखंडी नळाच्या मागून विजेची तार आली, दूरध्वनीची आली, इंधनवायूचा नळ आला, कांचतंतु आला. यांपैकीं एकासहि श्वास घ्यावा लागत नाहीं. उच्छ्वासाचें काम आतां कागदानें करावयाचें, आणि कागद कचेरींत, कचेरी दुसऱ्या गांवीं, व सबल तिसऱ्याच्याच हातांत, अशी ही व्यवस्था आहे. नळाचा नकाशा कचेरींत असला तरी रात्रीं अपरात्रीं नळ फुटला म्हणजे बोलावणें जातें तें जुन्या चावीवाल्यासच. तो निवृत्त होतो तेव्हां त्याच्या निरोपसमारंभास श्रीफळ व शाल दिली जाते. त्याला बरोबर घेऊन गांवाची एक फेरी मारावी आणि तो दाखवील त्या जागा टिपून घ्याव्या, असें कोणास सुचल्याचें माझ्या ऐकिवांत नाहीं.

याचा परिणाम किती भयंकर होऊं शकतो हें बेल्जमच्या एका उदाहरणावरून दिसेल. ३० जुलै २००४ रोजीं गिलेंघियें गांवाजवळच्या कारखान्यांच्या वसाहतींत मोठ्या दाबाचा वायूचा नळ फुटून चोवीस माणसें मेलीं. त्या दिवशीं कोणी कुदळ मारलेली नव्हती. त्याच्या कांहीं काळ आधीं तेथें चाललेल्या कामांत एका यंत्राचा दांत नळास लागून गेला होता. नळ तेव्हां फुटला नाहीं, जखम तेवढी राहिली, आणि पुढें दाब वाढतांच तिनें दगा दिला. त्यापूर्वीं, २२ एप्रिल १९९२ रोजीं, मेक्सिकोंतील ग्वादालाहारा शहरांत गटारांत पेट्रोल झिरपून मैलोगणती रस्ते उडाले व दोनशेंहून अधिक लोक दगावले. तेथें पाण्याचा नवा नळ पेट्रोलच्या जुन्या नळास खेटून टाकलेला होता, आणि दोन धातूंच्या संसर्गानें जुना नळ कुरतडला गेला, असें चौकशींत निघालें. जमिनीखालीं शेजार कोणाचा आहे हें ठाऊक नसलें म्हणजे निष्काळजी नसलेला माणूसहि असा घात करूं शकतो.

अशा प्रकारच्या अपघातांत पहिला बळी बहुधा ज्याचा जातो तो कागद पाहण्याचा ज्यास कधींच अधिकार नव्हता असा मजूर असतो. घरमालक सावलींत उभा राहून येथें खण म्हणून सांगतो. लोखंडी सबल हातांत धरून ओल्या मातींत उभा असतो तो दुसराच. अंगण माझें आहे, म्हणून जबाबदारी माझी आहे, हा विचार मध्यमवर्गीय कुटुंबांत जितका रुजावा तितका रुजलेला नाहीं, हें म्हणणें मला भाग आहे.

सरकारनें या बाबतींत अलीकडे पाऊल टाकलें आहे. २२ मार्च २०२३ रोजीं 'कॉल बिफोर यू डिग' नांवाची योजना भ्रमणध्वनीवर सुरू झाली. ज्यास खोदावयाचें आहे त्यानें जागा कळवावी, म्हणजे तेथें ज्यांच्या तारा किंवा नळ आहेत त्या खात्यांस व कंपन्यांस सूचना जाते व दोघांची गांठ पडते, अशी तिची रचना आहे. बेपर्वाईनें होणाऱ्या खोदाईमुळें देशाचें दरसाल सुमारें ३,००० कोटि रुपयांचें नुकसान होतें, असा अंदाज त्या वेळीं सरकारनेंच दिला होता. अमेरिकेंत अशाच कामासाठीं २००७ पासून ८११ हा एकच क्रमांक देशभर चालू आहे. आमची योजना चांगली आहे; पण ज्या नळाची नोंद कोणीच केलेली नाहीं त्याची सूचना कोणास जाणार? शिवाय रस्त्यापासून घरापर्यंतचा नळ, मागील दारचा बंब, आजोबांनीं घातलेली विहिरीवरील मोटारीची तार, हीं सर्व घरधन्याचीं स्वतःचीं असतात. त्यांची नोंद कोणत्याच खात्यांत असण्याचा संभव नाहीं.

येथें पुराणवस्तुशास्त्राची एक रीत उपयोगी पडण्यासारखी आहे. १९६९-७० मध्यें पवनी येथें नागपूर विद्यापीठ व केंद्र सरकारचें पुरातत्त्वखातें यांनीं उत्खनन केलें व वैनगंगेच्या कांठचा प्राचीन बौद्ध स्तूप उजेडांत आणला. अशा उत्खननांत माती थराथरानें, खुरप्यानें व कुंच्यानें काढतात, आणि प्रत्येक थराचा रंग पाहतात. कारण एकदां खोदलेली जमीन पुन्हां पूर्वींसारखी कधींच होत नाहीं. दोन हजार वर्षांपूर्वीं कोणी खड्डा खणून बुजविला असेल तरी त्याची कड थराच्या रंगांत उमटलेली असते. घरच्या अंगणांतहि हाच न्याय लागतो. आमच्याकडील मोरांड, खरडी, सिहार किंवा बरडी, जमीन कोणत्याहि जातीची असो, अखंड असली तर टणक लागते. मध्येंच भुसभुशीत, दोन रंगांची मिसळलेली, विटांचे तुकडे असलेली माती एका सरळ पट्टींत लागूं लागली तर तेथें पूर्वीं चर होता असें समजावें. नदीपासून दूर असलेल्या अंगणांत हात दीड हात खोलीवर स्वच्छ रेती लागली तर ती वैनगंगेनें आणून टाकलेली नव्हे. विजेच्या तारेखालीं व वर रेती पसरून त्यावर विटांची ओळ मांडण्याचा प्रघात आहे. विटांची अशी ओळ लागतांच सबल बाजूस ठेवून वीजखात्याच्या माणसास बोलवावें. रंगीत प्लॅस्टिकची पट्टी लागली तर तीहि अशीच इशाऱ्याची असते, कचरा म्हणून उपटून टाकण्याची नव्हे.

खोदण्यापूर्वीं उभ्या खुणा पाहाव्या : विजेच्या खांबावरून तार खालीं कोठें उतरते, पाण्याचा मीटर व घरांतील पहिली तोटी कोणत्या रेषेंत आहेत, गटाराचीं झांकणें कोणत्या बाजूस ओळ धरतात. पण दोन खुणांच्या मधली वाट सरळच असेल असें धरून चालूं नये. मध्यें त्या काळीं असलेलें एखादें झाड चुकविण्यासाठीं ती वळलेली असूं शकते, व तें झाड आज नसतें. खोलीचाहि भरंवसा नाहीं. तीन फुटांवर घातलेली तार पुढें अंगण भरून घेतल्यामुळें पांच फुटांवर गेलेली असते, किंवा उतार काढल्यामुळें फूटभरावर आलेली असते. यासाठीं संशयित जागीं यंत्र लावूं नये, आणि सबलही उभी मारूं नये. फावड्यानें माती आडवी खरवडत जावें. वायूचा वास आला तर दिवा, काडी किंवा विजेचें बटण यांपैकीं कशासहि हात न लावतां सर्वांनीं दूर जावें. तार तुटली तर ती मेलेली आहे असें वीजखात्याच्या माणसानें सांगेपर्यंत ती जिवंतच समजावी.

आपल्या खरेदीखतांत चतुःसीमा लिहिण्याची चाल आहे : पूर्वेस सरकारी रस्ता, पश्चिमेस अमक्याचें घर, उत्तरेस बोळ, दक्षिणेस पडीत जागा. या चार सीमांबरोबर खालचीहि हकीकत लिहिली जावी, अशी सूचना मी एका परिचित वकिलांपुढें मांडली असतां, कायद्यानें तशी सक्ति नाहीं असें त्यांनीं सांगितलें, व तें खरेंच आहे. पण सक्ति नसली तरी मनाई नाहीं. नवें घर बांधणाऱ्यानें चर बुजविण्यापूर्वीं एक कागद घ्यावा, त्यावर घराचे दोन पक्के कोपरे मांडावे, आणि नळ, तार, टांकी व गटार यांचीं त्या दोन्ही कोपऱ्यांपासूनचीं अंतरें फुटांत लिहावीं. खोली कोणत्या पातळीपासून मोजली तें लिहावें; जोत्यापासून मोजली तर उत्तम, कारण जोतें हलत नाहीं. खालीं तारीख घालावी, आणि पुढें केव्हां अंगणांत मुरूम टाकून भर घातली तर ती किती घातली, हेंहि त्याच कागदावर टिपून तो खरेदीखताच्या पुडक्यांत ठेवावा.